सिझर झालं! : आडनावाचं पद होतं तेव्हा

उंबरठा

गेल्या आठवड्यात भाचीला मुलगी झाली. दवाखान्याच्या बाकावर आम्ही सहा-सात जण, आणि प्रत्येकाच्या फोनवर एकच संवाद: "नॉर्मल की सिझर?" "सिझर." माझी आई (वय ८१) शेवटी कंटाळून म्हणाली, "कात्री लावतात म्हणून सिझर. इंग्रजीत कात्रीला सिझरच म्हणतात ना?" भाचीचा नवरा इंजिनिअर. त्याला राहवेना. "नाही हो आजी, रोमचा राजा ज्युलियस सीझर असा पोट फाडून जन्मला, म्हणून." आई म्हणाली, "त्याच्या आईचं काय झालं मग?" यावर सगळे गप्प.

घरी येऊन वाचत बसलो. आईचा प्रश्न अगदी वर्मावरचा निघाला. सीझरची आई ऑरेलिया इसवी सनपूर्व ५४ पर्यंत हयात होती. म्हणजे पोरगा पंचेचाळिशी ओलांडून गॉलमध्ये (आजच्या फ्रान्सकडे) लढाया मारत होता तेव्हा. त्या काळी पोट चिरल्यावर बाई वाचत नसे, तेव्हा जावईबापूंची गोष्ट बाद. शिवाय तो राजाही नव्हता.

दुसरं म्हणजे, सीझर हे त्याचं नाव नव्हतंच, आडनाव होतं. गाइअस ज्युलियस सीझर यात गाइअस हे पाळण्यातलं नाव, ज्युलियस हे कुळ आणि सीझर हे त्या कुळातल्या एका शाखेचं आडनाव. हे आडनाव लावणारा नोंदीतला पहिला माणूस म्हणजे सेक्स्टस ज्युलियस सीझर. तो इसपू २०८ मध्ये प्रेटर (रोमचा एक बडा अधिकारी) होता, म्हणजे आपल्या सीझरच्या जन्माआधी शंभरावर वर्षं.

तिसरी गोष्ट, जिच्यासाठी हा धागा काढला. आपल्याकडे पदाचं आडनाव होतं. कुलकर्णी, देशपांडे, पाटील, चिटणीस, फडणीस, पोतनीस, पेशवे. रोममध्ये गाडी उलटी गेली, आडनावाचं पद झालं. जर्मनांचा कैसर, रशियाचा झार, आपल्या डोक्यावर बसलेली कैसर-ए-हिंद, सगळे या एका घराच्या पाटीवरून आलेले. म्हणजे उद्या 'गोडबोले' हा शब्द 'सम्राट' या अर्थानं जगभर चालू व्हावा तसं.

तर प्रश्न दोन. या आडनावाचा मूळ अर्थ काय? आणि मराठीत कुठल्या आडनावाचं असं पद झालंय का?

चहाटळ

गोडबोले सम्राट झाले तर युद्धं होणारच नाहीत. समोरचा ऐकून ऐकूनच शरण येईल.

शेवंती

आधी बाळाचं अभिनंदन करा की राव! बाळ-बाळंतीण सुखरूप? वजन किती?

उंबरठा

@शेवंती, दोघी मजेत. दोन किलो नऊशे. आवाज मात्र पाच किलोचा.

लॅटिनमास्तर

छान विषय. अर्थाबद्दल प्राचीनांनीच चार गोष्टी सांगून ठेवल्यात आणि चारही मजेशीर आहेत.

पहिली रोमन लेखक प्लिनीची. पहिला जो कोणी सीझर झाला तो आईचं पोट कापून काढला म्हणून. लॅटिनमध्ये कापणं म्हणजे 'कायडेरे', कापलेला तो 'कायसुस'. हे प्लिनीनं ज्युलियसबद्दल नाही, त्याच्या कुठल्या तरी पूर्वजाबद्दल लिहिलंय. लोकांनी नंतर ते ज्युलियसच्या गळ्यात बांधलं.

दुसरी केसांची. 'कायसारिएस' म्हणजे डोईवरचे दाट केस. पूर्वज जन्मतःच झुपकेदार जावळ घेऊन आला म्हणे.

तिसरी डोळ्यांची. 'कायसियुस' म्हणजे निळसर करडे, घारे डोळे. (१८६० मध्ये बुन्सेन आणि किर्खहोफ यांनी निळ्या वर्णरेषांवरून एक मूलद्रव्य शोधलं. त्याचं सीझियम हे नाव याच विशेषणावरून. सीझरशी सोयरीक असलीच तर डोळ्यांकडून.)

चौथी हत्तीची. मूर लोकांच्या भाषेत हत्तीला 'कायसाय' म्हणत, आणि पूर्वजानं लढाईत हत्ती मारला.

आजचे बहुतेक अभ्यासक केसांच्या बाजूनं झुकतात, पण पैज लावावी इतकं पक्कं काहीच नाही.

नाणेघाट

हत्तीवरून आठवलं. सीझरनं इसपू ४९ च्या सुमारास चांदीचं एक देनारियस, म्हणजे रोमन नाणं, पाडलं. एका बाजूला हत्ती, पायाखाली फणा काढल्यासारखं काहीतरी तुडवतोय, आणि खाली फक्त एक शब्द: सीझर. नाव नाही, कुळ नाही, हुद्दा नाही. आम्ही नाणेवाले यावर तासन् तास भांडतो. तो आडनावावरचा श्लेष आहे की गॉलमधल्या विजयाची खूण? मला वाटतं श्लेषच. वाघमाऱ्यानं स्वतःच्या पाटीवर वाघ काढावा तसा.

मागच्या बाजूला पुरोहिताची हत्यारं आहेत: कुऱ्हाड, पाणी शिंपडायचा कुंचा, टोपी. तो रोमचा मुख्य पुरोहितही होता ना.

आडनाव_दोडके

केसांची व्युत्पत्ती खरी असेल तर बिचाऱ्याची काय अवस्था! सीझरला टक्कल होतं असं वाचलंय. आडनाव केसाळे आणि डोक्यावर चंद्र.

लॅटिनमास्तर

@दोडके, बरोबर वाचलंत. त्याचा रोमन चरित्रकार स्वेटोनियस लिहितो की टकलावरून लोक चिडवायचे आणि ते त्याला फार लागायचं. मागचे विरळ केस पुढे ओढून घ्यायचा. सिनेटनं जे जे मान दिले त्यात त्याला सगळ्यात आवडला तो लॉरेलच्या पानांचा मुकुट कायम घालण्याचा. कारण उघड आहे.

चहाटळ

मागचे केस पुढे ओढणे. दोन हजार वर्षं झाली, आमच्या हापिसातले साहेब अजून तेच करतात.

सातारी_कंदी

आडनावं म्हणजे टोपणनावं, हे आपल्यासारखंच दिसतंय की. काळे, गोरे, बोबडे, टकले, डोळे, पोटे. रोमवाल्यांचं कसं होतं?

लॅटिनमास्तर

@सातारी_कंदी, आपल्यापेक्षा निर्दय. क्रासुस म्हणजे जाडा, स्त्राबो म्हणजे तिरळा, नासो म्हणजे नाकाड्या, ब्रुटुस म्हणजे मठ्ठ. आणि हे लोक मिरवायचे! खालच्या थरातल्या माणसाला असं तिसरं नाव बरेचदा नसायचंच, त्यामुळे 'तिरळे' असणं हे घरंदाजपणाचं लक्षण.

भाज्या-कडधान्यांचीही रेलचेल. फाबियुस हे 'फाबा' म्हणजे घेवड्याच्या जातीतल्या बीवरून, लेंटुलुस मसुरीवरून, पिसो वाटाण्यावरून. आणि सगळ्यात प्रसिद्ध, रोमचा वक्ता सिसेरो म्हणजे हरभरा. ग्रीक चरित्रकार प्लूटार्क सांगतो, त्याच्या कुणा पूर्वजाच्या नाकाच्या शेंड्याला हरभऱ्यासारखी खाच होती. मित्र सिसेरोला म्हणाले, राजकारणात जातोस तर हे आडनाव बदल. तो म्हणाला, मीच ते मोठं करून दाखवतो. पुढे सिसिलीत अधिकारी असताना देवाला चांदीचं भांडं वाहिलं. त्यावर मार्कुस, तुल्लियुस ही दोन नावं कोरली आणि तिसऱ्याच्या जागी कारागिराला सांगून चक्क हरभऱ्याचा दाणा कोरून घेतला.

आडनाव_दोडके

__/\__ हे वाचून धन्य झालो. शाळेत हजेरीला "दोडके" म्हटलं की मागच्या बाकावरून "शिरा काढून!" असा आवाज यायचा. माझ्या वर्गात भोपळे आणि पडवळ पण होते. आमच्या तिघांच्या बाकाला मास्तर 'मंडई' म्हणायचे. आता बायकोला सांगतो, पाटीवर नुसतं दोडक्याचं चित्र काढू.

वऱ्हाडी_ठेचा

काढा चित्र. कुरिअरवाला भाजी समजून खालच्या मजल्यावर देऊन जाईन.

बाणेदार

एवढी चर्चा झाली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही? संस्कृत 'केसर' म्हणजे आयाळ. केसरी म्हणजे आयाळवाला, सिंह. लॅटिन कायसारिएस म्हणजे केस. सीझर म्हणजे केसरीच! रोमन लोकांनी शब्द इथूनच नेला. पण आपल्याला आपल्याच ठेव्याची किंमत नाही.

चहाटळ

आला, आला. पॉपकॉर्न घ्या कुणीतरी.

लॅटिनमास्तर

@बाणेदार, हसण्यावारी नेणार नाही, कारण ही तुलना एकोणिसाव्या शतकातल्या लॅटिन कोशांतच आहे. पण 'इथूनच नेला' आणि 'दोघांची आजी एक असू शकते' यात फरक आहे. संस्कृत 'ए' आणि लॅटिन 'आय' यांची जोडी नियमाला धरून आहे. अडचण 'स'ची. जुन्या लॅटिनमध्ये दोन स्वरांमधल्या 'स'चा 'र' झाला. गंमत म्हणजे याचं नमुनेदार उदाहरण सीझरच्या आईच्याच नावात आहे. ऑरेलियुस घराणं मूळचं औसेलियुस, रोमच्या शेजारच्या साबिन लोकांचं, सूर्याच्या नावावरून आलेलं, असं रोमन कोशकार फेस्तुस सांगतो. मग 'कायसारिएस'मधला 'स' का टिकला? पुढच्या अक्षरात आधीच 'र' असेल तर 'स' टिकतो, 'मिसेर' या शब्दात टिकला तसा. म्हणजे दार बंद नाही. पण आत कुणी आहे असंही त्यातून सिद्ध होत नाही. बरेच आधुनिक कोशकार ही तुलना मान्य करत नाहीत.

बाणेदार

म्हणजे दार बंद नाही हे मान्य केलंत. एवढं पुरे.

मांडवीकाठ

आमच्या गोंयांत या, रोमन घराण्यांची हजेरी घेता येईल. वाड्यावर एक सेझार, दोन ज्युलियो, एक आवरेलियो आणि चर्चजवळ एक क्लावदियो. सगळी पोर्तुगीज वाटेनं आलेली लॅटिन नावं, पण आता ती पाळण्यातली, आडनावं वेगळी. मुंबईचे माजी पोलीस आयुक्त ज्युलियो रिबेरो सगळ्यांना माहीत असतील. त्यातलं ज्युलियो म्हणजे तेच ज्युलियस कूळ.

माझ्या सेझार काकाला आजी 'सेझूऽऽ' अशी हाक मारायची आणि तो माडावरून खाली यायचा नाही. सम्राटपदाची तेवढीच खूण.

शेवंती

आणि 'जुलै'पण त्याच कुळाचा ना? पगारपत्रकावर दर वर्षी रोमन आडनाव छापून येतं म्हणायचं.

उंबरठा

@शेवंती, हो. आधी तो क्विंटिलिस, म्हणजे पाचवा महिना होता, कारण जुनं वर्ष मार्चपासून मोजत. सीझर त्या महिन्यात जन्मला, म्हणून इसपू ४४ मध्ये, त्याचा खून झाला त्याच वर्षी, कुळाचं नाव दिलं. पुढचा सेक्स्टिलिस नंतर सम्राट ऑगस्टस घेऊन गेला. सप्टेंबर ते डिसेंबर बिचारे अजून सातवा ते दहावा हीच नावं लावून नववे ते बारावे होऊन बसलेत.

सखी_सरोज

बायकांचं काय? ऑरेलिया आली धाग्यात, पण 'त्याची आई' म्हणूनच.

लॅटिनमास्तर

@सखी_सरोज, बायकांना वेगळं नावच नसायचं म्हटलं तरी चालेल. कुळाचं नाव स्त्रीलिंगी केलं की झालं. ज्युलियस घरातली प्रत्येक मुलगी ज्युलिया. सीझरची आत्या ज्युलिया, दोन्ही बहिणी ज्युलिया, मुलगी ज्युलिया. फारच घोळ झाला तर थोरली-धाकटी. मात्र लग्नानंतर नाव बदलत नसे. सिसेरोची तुल्लिया तीन लग्नं झाली तरी तुल्लियाच राहिली.

सखी_सरोज

म्हणजे बारशाचा खर्च नाही, पण लग्नानंतर बँकेत, पॅनकार्डला, गॅसच्या पुस्तकाला खेटेही नाहीत. माझ्या लग्नाला १९ वर्षं झाली, एका कागदावर मी अजून माहेरची, एकावर सासरची, आणि एका सरकारी नोंदीत कुणा टंकलेखकाच्या कृपेनं पुरुष. तुल्लिया सुखी होती.

डॉ_मनवा

प्रसूतीतज्ज्ञ म्हणून दोन शब्द. आम्ही कागदावर 'एलएससीएस' (गर्भाशयाच्या खालच्या भागावर छेद घेऊन केलेलं सिझेरियन) लिहितो, जुन्या सिस्टर 'सेक्शन' म्हणतात, आणि पेशंट व नातेवाईक 'सिझर'. "मॅडम, सिझर करायचं नाही हं" हे मी दिवसातून दहादा ऐकते.

रोमन कायद्यात खरंच एक कलम होतं: गरोदर बाई मेली तर गर्भ काढल्याशिवाय तिला पुरायचं नाही. म्हणजे हे ऑपरेशन मुळात मेलेल्या आईवर करायचं. जिवंत बाईवर करून ती वाचावी ही अपेक्षा फार उशिरा आली. फ्रान्सच्या रुसे या शल्यवैद्यानं १५८१ मध्ये जिवंत आईवर करावं असं पुस्तकातून मांडलं आणि 'सीझरी प्रसूती' हा शब्द वापरला. तरी पुढची तीनशे वर्षं बायका मरतच होत्या, कारण गर्भाशयाला टाके घालत नसत. रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग. १८८२ मध्ये जर्मनीच्या सेंगरनं गर्भाशय नीट शिवायची पद्धत मांडली आणि तिथून चित्र बदललं.

आता आजींच्या कात्रीबद्दल. गर्भाशयावर छोटा छेद ब्लेडनं घेतो, मग तो बोटांनी किंवा कात्रीनं वाढवतो. तेव्हा आजी अगदीच चुकल्या नाहीत.

बाणेदार

हल्ली तर मुहूर्त काढून सिझर करतात. अमुक नक्षत्रावर, अमुक वाजता. आमच्या ओळखीत एका दवाखान्यात सकाळी ठणठणीत असलेल्या मुलीला दुपारी 'बाळ घाबरलंय' सांगून आत नेलं. बिल बघून आम्ही घाबरलो.

डॉ_मनवा

@बाणेदार, तसं होत नाही असं म्हणणार नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात २१.५ टक्के बाळंतपणं सिझेरियन निघाली, आणि खाजगी दवाखान्यांत प्रमाण सरकारीपेक्षा कितीतरी जास्त. पण मुहूर्ताची चिठ्ठी घेऊन येणारे नातेवाईकही मीच पाहते. आणि बाळाचे ठोके पडतात तेव्हा खरंच दहा मिनिटं हातात असतात, त्या वेळी मला कुणी बिल दाखवू नये.

सखी_सरोज

+१. आणि 'नॉर्मल की सिझर' हा प्रश्नच बंद करा. माझी दोन्ही सिझर. सासूबाईंच्या मैत्रिणी अशा हळहळल्या जणू मी पेपर कॉपी करून पास झाले.

संपादक

मंडळी, बाळंतपणाचा वेगळा धागा काढावा. इथे आडनाव.

म्युनिकची_माई

दोन्हींची सांधेजोड करते. माझ्या नातवाचा जन्म इथला. सुनेच्या फायलीवर मोठ्या अक्षरांत 'काइझरश्निट' असं लिहिलेलं. काइझर म्हणजे सम्राट, श्निट म्हणजे छेद. जर्मनांनी 'सीझर'चा अर्थच सम्राट धरून भाषांतर करून टाकलं. डचांचंही तसंच. मी सुनेला म्हटलं, बघ, तुझा सम्राटछेद झाला, दोन दिवस राणीसारखी पडून राहा. तर इथल्या नर्सनं दुसऱ्या दिवशी सकाळी तिला चालायला लावलं.

नाणेघाट

आडनावाचं पद कसं झालं ते कुणीच नीट सांगितलं नाही, म्हणून मी सांगतो. गोष्ट दत्तकाची आहे, मराठी माणसाला चटकन कळेल.

सीझरला औरस वारस नव्हता (क्लिओपात्राचा मुलगा रोमन कायद्यात मोजत नव्हते). मृत्युपत्रात बहिणीच्या नातवाला, ऑक्टेव्हियनला, दत्तक घेतलं. १८ वर्षांचं पोर, ना सैन्य ना पैसा. हाती एकच गोष्ट, आडनाव. जुने सैनिक त्या आडनावामागे गेले. सीझरचा जुना सरदार अँटनी त्याला हिणवायचा की पोरा, तुझ्याकडे जे आहे ते सगळं नावामुळे आहे. हाच पुढे ऑगस्टस. त्यानं टायबेरियसला दत्तक घेतलं, इसवी सन ४ मध्ये. तोही सीझर. इथपर्यंत आडनाव रीतसर चाललं.

४१ मध्ये गडबड झाली. क्लॉडियस गादीवर आला, त्याला कुणी या घरात दत्तक घेतलंच नव्हतं. त्यानं सरळ आडनाव लावून घेतलं. ६८ मध्ये नीरो मेला आणि घर संपलं, पण पाटी राहिली. नंतर जो येईल तो ती स्वतःच्या दारावर ठोकायचा. २९३ मध्ये डायोक्लेशियननं तर दोन 'ऑगस्टस' आणि त्यांच्या हाताखाली दोन 'सीझर' अशी पदरचनाच केली. म्हणजे आपल्या हिशेबानं सीझर हा युवराज झाला. आडनावाची बढती होता होता मध्येच अशी पदावनतीही झाली.

ऑगस्टस आणि टायबेरियसची नाणी दक्षिण भारतात ढिगानं सापडतात. त्यांच्यावर 'सीझर' हा शब्द आहे. मिऱ्याच्या बदल्यात आलेलं आडनाव.

सातारी_कंदी

लई भारी! दत्तक नामंजूर करणारा डलहौसी तिथं असता तर रोमचं राज्य कंपनीत विलीन झालं असतं.

लिपीकार

भारतात हा शब्द इंग्रजांच्या फार आधी येऊन गेला होता. सिंधूकाठी अटकजवळ आरा इथे एका विहिरीत खरोष्ठी शिलालेख सापडला. विहीर खोदल्याचाच लेख आहे. त्यात कुषाण राजा कनिष्क (वाझेष्काचा मुलगा, प्रसिद्ध कनिष्क नव्हे) याच्या बिरुदांची माळ आहे: महाराज, राजातिराज, देवपुत्र, आणि चौथं 'कैसर'. जर्मन अभ्यासक ल्यूडर्सनं ते तसं वाचलं. एक बिरुद भारतीय, एक इराणी वळणाचं, एक चिनी 'स्वर्गपुत्रा'सारखं, एक रोमन. चारी दिशांचे हुद्दे एका माणसाच्या अंगावर, आणि कारण काय, तर कुणीतरी विहीर खणली.

शेवंती

हे फारच सुंदर. वाचनखूण साठवली.

उंबरठा

@लिपीकार, दंडवत! 'कैसर' हे रूप मला महत्त्वाचं वाटतं. जुन्या लॅटिनमध्ये उच्चार 'कायसर'च्या जवळचा होता. ग्रीकांनी 'कैसार' केला, अरबी-फारसीतून तो 'कैसर' म्हणून आपल्याकडे आला. इंग्रजांनी 'सीझर' करून त्याचं पार वाटोळं केलं. म्हणजे उच्चाराच्या बाबतीत लखनौचं कैसरबाग हे लंडनपेक्षा रोमला जवळ. १४५३ मध्ये इस्तंबूल घेतल्यावर उस्मानी सुलतान मेहमदनंही 'कैसर-ए-रूम' हे बिरुद घेतलंच. तुर्कस्तानातलं कायसेरी हे शहर मूळचं सीझरिया, आणि स्पेनचं सारागोसा म्हणजे सीझरऑगस्टा, घासून घासून गुळगुळीत झालेलं.

चहाटळ

आणि झारीतले शुक्राचार्य म्हणजे रशियातले का?

वऱ्हाडी_ठेचा

चहाटळ भाऊ, उन्हात नको फिरत जाऊ.

लॅटिनमास्तर

झार हाही 'त्सेसार' असा लांबट होता, मग आखडला. आधी बल्गेरियात, दहाव्या शतकात, सिमिऑननं वापरला. रशियात इव्हान चौथ्यानं १५४७ मध्ये रीतसर झार म्हणून राज्याभिषेक करवून घेतला. १९१७ मध्ये रशियाचा झार गेला, १९१८ मध्ये जर्मनीचा कैसर. एकाच आडनावाचे दोघे एकमेकांविरुद्ध लढले आणि दीड-पावणेदोन वर्षांच्या अंतरानं घरी बसले. भाऊबंदकीच म्हणा ना, दोघे नात्यानंही भाऊच लागत.

बल्गेरियाचा शेवटचा झार सिमिऑन दुसरा याची कथा न्यारी. सहाव्या वर्षी गादीवर, १९४६ मध्ये नवव्या वर्षी पदच्युत. २००१ मध्ये निवडणूक जिंकून पंतप्रधान झाला. मतदारांसमोर जाताना झार चालेना, मग 'साक्सकोबुर्गगोत्स्की' असं आडनाव लावलं.

चहाटळ

हे आडनाव पॅनकार्डच्या चौकोनांत बसवून दाखवा.

कात्रणवही

कैसर-ए-हिंदचा धागा इथे ओढतो, कारण तो आपल्या अंगणातला आहे. १८७६ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात व्हिक्टोरियाच्या नव्या बिरुदाचा कायदा झाला. देशी भाषेत काय म्हणायचं? महाराणी, पादशहा, शहनशहा, प्रत्येकाला काही ना काही चिकटलेलं. लाहोरच्या लाइटनर या भाषापंडितानं कैसर-ए-हिंद सुचवलं. मुसलमानांना ओळखीचं, युरोपला ओळखीचं, आणि 'कैसर'ला स्त्रीलिंग-पुल्लिंगाची भानगड नाही. १ जानेवारी १८७७ ला दिल्ली दरबारात घोषणा झाली.

त्या दरबारात पुणे सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, गेले होते. सगळे राजेरजवाडे जरीत मढलेले आणि हे पांढऱ्याशुभ्र खादीत. इकडे दख्खनमध्ये तेव्हा दुष्काळ पडलेला. मला त्या दरबारातलं एवढंच चित्र जपून ठेवावंसं वाटतं.

१९०० पासून त्या नावाचं पदक निघालं. पंडिता रमाबाईंना १९१९ मध्ये मिळालं. गांधीजींना १९१५ मध्ये मिळालं होतं, ते त्यांनी १९२० मध्ये परत केलं. बिरुद अधिकृतपणे गेलं ते २२ जून १९४८ ला, स्वातंत्र्यानंतरही दहा महिने लोंबकळून.

मांडवीकाठ

आणि कैसर-ए-हिंद नावाचं फुलपाखरू उरलं! हिमालयात असतं, हिरवंगार, झाडांच्या शेंड्यावर बसणारं. अरुणाचल प्रदेशचं राज्य फुलपाखरू. आडनावाची एवढी देखणी वाट दुसरी कुठली नसेल.

शेवंती

सीझर सॅलड राहिलं की! मुलगी हॉटेलात मागवते. माझ्या सासूबाईंना वाटलं सिझर झालेल्या बाईचं पथ्याचं खाणं. म्हणाल्या, कच्चा पाला बाळंतिणीला देतात होय?

मांडवीकाठ

@शेवंती, ते सीझर कार्डिनी नावाच्या इटालियन हॉटेलवाल्याचं. मेक्सिकोतलं तिहुआना, १९२४. इथे सीझर पाळण्यातलं नाव, आमच्या सेझार काकासारखं.

सातारी_कंदी

सीझरची गुप्त लिपी पण सांगा कुणीतरी. प्रत्येक अक्षर तीन घरं पुढे. आम्ही शाळेत मराठीत करायचो, क ला घ, म ला ल. 'कमल'चं व्हायचं 'घलष'. कमल वर्गातच होती. चिठ्ठी सापडली, मास्तरांनी तीन घरं मागे मोजून वाचली आणि मला तीन छड्या दिल्या.

आडनाव_दोडके

:)) घलष काकू आता काय करतात?

सातारी_कंदी

आमच्या घरी स्वयंपाक.

कात्रणवही

मूळ दुसऱ्या प्रश्नाकडे. मराठीत आडनावाचं पद झालेलं मला तरी सापडत नाही. पाळण्यातल्या नावाचं मात्र झालंय: बाजीराव. "स्वतःला कोण बाजीराव समजतोस?" यात पहिला की दुसरा, कुणी विचारत नाही. माज असलेला कुणीही. तीन पिढ्या अजून राज्य टिकलं असतं तर कोण जाणे, दोन-चार गादीवाल्यांनी ते बिरुद म्हणून लावलंही असतं.

बाणेदार

बाजीरावाशी सहमत. पहिल्यांदाच या धाग्यावर कुणाशी तरी सहमत आहे.

लॅटिनमास्तर

जाता जाता, कात्रीचा निकाल लावायचा राहिला. इंग्रजी 'सिझर्स' फ्रेंचमधून आला, त्यामागे उत्तरकालीन लॅटिनमधलं कापायचं हत्यार, 'सिसोरिया', आणि त्याच्या मुळाशी तोच 'कायडेरे', कापणं. इंग्रजीतलं वेडंवाकडं स्पेलिंग नंतर दुसऱ्याच एका लॅटिन शब्दाच्या प्रभावानं आलं. म्हणजे प्लिनीचं खरं मानलं तर आडनाव, ऑपरेशन आणि कात्री, तिघांचं मूळ एकच. उंबरठा, आईंना नमस्कार सांगा.

उंबरठा

सांगितला. सगळा धागा तासभर वाचून दाखवला. हरभऱ्याला हसली, सार्वजनिक काकांना 'बरं केलं' म्हणाली. शेवटी चष्मा काढून: "म्हणजे कात्रीच ना? मग मी बाकावर काय सांगत होते?"

बाळाचं बारसं रविवारी आहे. जावईबापूंना 'ज्युलिया' सुचलं होतं. आई म्हणाली, आधी त्या घरातल्या चौघी निस्तरा.

वऱ्हाडी_ठेचा

उशिरा आलो तरी इचारतो. त्या सॅलडात हरभरा टाकला तर सिसेरो सॅलड होईन का?